सेन्सर दंडावर, आकडा गायब: सीजीएमच्या जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतत साखर मोजणारा सेन्सर, म्हणजे सीजीएम, वापरणाऱ्यांचे प्रश्न वाचायला बसलं की साखर बाजूला राहते आणि ब्लूटूथच पुढे येतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर मॉडेलप्रमाणे बदलत असेल तिथे मॉडेलचं नाव दिलंय. बाकीचं कोणत्याही सेन्सरला लागू पडतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २ आणि ३ तेवढे वाचा.

१. ॲपवर 'सिग्नल गेला' असं येतंय. सेन्सर खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. कातडीखाली गेलेला केसासारखा तंतू पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. वरची चकती ते मोजमाप ब्लूटूथने फोनकडे धाडते. फोनमधलं ॲप आकडा दाखवतं आणि अलार्म वाजवतं. तिथून पुढे इंटरनेटवरून तो आकडा घरच्यांच्या फोनवर पोहोचतो. 'सिग्नल गेला' याचा अर्थ चकती आणि फोन यांच्यातलं बोलणं थांबलंय, एवढाच. मोजणं आत चालूच असतं. लिब्रे आणि डेक्सकॉम (जी६, जी७ ही डेक्सकॉमची मॉडेलं) या सीजीएमच्या दोन प्रचलित ब्रँडांत साधारण २० मिनिटं आकडा आला नाही की हा इशारा येतो.

'सेन्सरमध्ये त्रुटी', 'सेन्सर बदला' किंवा 'सेन्सर संपला' हे संदेश वेगळे. तिथे अडचण कातडीखाली असते आणि ब्लूटूथ कितीही चालू-बंद केलं तरी उपयोग नसतो. म्हणून हात लावण्याआधी संदेशाचे नेमके शब्द वाचा, जमलं तर स्क्रीनशॉट काढा. माझा पहिला सेन्सर मी 'सिग्नल गेला' वाचून तिसऱ्याच दिवशी उपटून टाकला होता. फोनचं ब्लूटूथ बंद होतं, हे नंतर लक्षात आलं.

२. सिग्नल गेला तर आधी काय करायचं, कोणत्या क्रमाने?

फोन सेन्सरच्या जवळ आणा, हातभर अंतरावर. ब्लूटूथ चालू आहे ना, विमान मोड लागलेला नाही ना, हे बघा. ॲप उघडा आणि पाच-दहा मिनिटं तसंच उघडं ठेवा. डेक्सकॉम दर ५ मिनिटांनी आकडा पाठवतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. तरीही नाही आला तर ब्लूटूथ बंद करून, दहा सेकंदांनी पुन्हा चालू करा. त्यानंतरचा उपाय म्हणजे फोन बंद करून सुरू करणं, आणि फोन सुरू झाल्यावर ॲप हाताने उघडणं. हे शेवटचं बरेच जण विसरतात.

एवढं झाल्यावर अर्धा तास थांबा. या अर्ध्या तासात लोक अधीर होऊन ॲप काढून टाकतात आणि साध्या अडचणीची मोठी करून ठेवतात. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

३. आकडा येत नाही तोवर साखर कशी कळणार?

बोट टोचून, ग्लुकोमीटरवर. सेन्सर लावला म्हणून ग्लुकोमीटर कपाटाच्या तळाशी टाकू नका. पट्ट्यांची मुदत अधूनमधून बघत जा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा साखर खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, इन्सुलिनचा डोस ठरवण्याआधी, गाडी चालवण्याआधी आणि झोपण्याआधी तपासावं. हातपाय थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं असतील तर फोनशी खेळत बसू नका. आधी साखर तपासा. तपासायची सोय नसेल तर साखर खाली गेली असं धरून गोड घ्या. जोडणी नंतरही दुरुस्त होईल.

४. फोन समोरच टेबलावर आहे, तरी सिग्नल का तुटतो?

कारण मधे तुम्ही असता. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि पाणी त्या शोषून घेतं. माणसाच्या शरीरात तर निम्म्याहून जास्त पाणीच. सेन्सर डाव्या दंडावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात असेल तर लहरींना अख्खं धड ओलांडावं लागतं. पुस्तिकेत दिलेलं अंतर, डेक्सकॉम जी६ आणि लिब्रे २ साठी सुमारे ६ मीटर, जी७ आणि लिब्रे ३ साठी सुमारे १० मीटर, हे मोकळ्या जागेतलं असतं. भिंत, लोखंडी कपाट किंवा स्वतःचं शरीर मधे आलं की ते झपाट्याने घटतं.

त्याच लहरपट्ट्यात वायफाय, वायरलेस हेडफोन आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. गर्दीच्या ठिकाणी पाच-दहा मिनिटांचा खंड पडला तर तो सहसा आपोआप भरून निघतो. उपाय साधा आहे: फोन सेन्सरच्याच बाजूच्या खिशात ठेवायचा.

५. दिवसा सगळं ठीक, रात्रीच का तुटतं?

रात्री तीन गोष्टी एकत्र येतात. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत जातो. आपण सेन्सरवरच कुशीवर झोपतो, मग शरीर आणि गादी दोन्ही मधे येतात (प्रश्न ४). आणि स्क्रीन तासन्‌तास बंद राहिल्यामुळे फोन ॲपला झोपवतो (प्रश्न ६). फोन उशाजवळ, सेन्सरच्या बाजूला ठेवून दोन रात्री बघा. तरीही तुटत असेल तर दोष अंतराचा नसून बॅटरीच्या सेटिंगचा आहे, असं समजा.

याच्याशी गल्लत होणारी दुसरी गोष्ट म्हणजे खोटी कमी साखर. सेन्सर शरीराखाली दाबला गेला की तिथला द्रव कमी होतो आणि आकडा एकदम खाली जातो. कूस बदलली की वर येतो. इथे जोडणी उत्तम असते, आकडाच फसवा असतो. पण 'दाबामुळे असेल' असं म्हणून अलार्म बंद करून परत झोपू नका. बोट टोचून खात्री करा.

६. ॲप उघडलं की आकडे येतात, बंद केलं की थांबतात. हे काय आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त छळणारी अडचण हीच. आणि दोष सेन्सरचा नाही, फोनच्या अतिशहाणपणाचा आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप गुपचूप थांबवतो. व्हिडिओच्या ॲपला ते चालतं, सीजीएमला नाही.

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर जा, 'बॅटरी' उघडा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. 'वापरात नसेल तर परवानग्या काढा' अशा अर्थाचा पर्याय दिसला तर तो बंद करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याच्यावर आणखी एक थर असतो: 'ऑटोस्टार्ट', 'स्लीपिंग ॲप्स', 'बॅकग्राउंड क्लीनर' अशी नावं. तिथेही ॲपला सूट द्यावी लागते. वरून एखादं फोन 'साफ' करणारं ॲप टाकलं असेल तर ते काढूनच टाका. अलीकडच्या ॲपच्या यादीत सीजीएमच्या ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा.

आयफोनवर सवय आड येते. बोटाने वर सरकवून सगळी ॲप बंद करणारे लोक सीजीएमचं ॲपही उडवतात. मग मागून काहीच चालत नाही. त्या एका ॲपला हात लावायचा नाही. 'लो पॉवर मोड' सतत चालू ठेवणंही टाळा.

७. साखर मोजायला 'लोकेशन'ची परवानगी कशाला? नाकारली तर?

शंका रास्त आहे. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची असतील तर ॲपला लोकेशनची परवानगी लागते. तो अँड्रॉइडचा नियम. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळची उपकरणं' ही वेगळी परवानगी आली. ती नाकारली तर ॲपला सेन्सर दिसतच नाही. तेव्हा ॲप मागेल ती परवानगी द्या, आणि 'फक्त ॲप वापरताना' की 'नेहमी' असं विचारलं तर पुस्तिकेत सांगितलेला पर्याय निवडा.

८. ॲप काढून पुन्हा टाकलं तर नीट होईल का?

होईलही, पण चालू सेन्सर त्या नादात गमावलेले लोक मी पाहिलेत. काही सेन्सरची ओळख ॲपमध्ये किंवा खात्यात बांधलेली असते. ॲप गेलं की ओळख पुसली जाते आणि दहा दिवस चालणारा सेन्सर चौथ्या दिवशी मुका होतो. हा उपाय शेवटचा ठेवा. करायचाच असेल तर आधी खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लक्षात आहे याची खात्री करा, डेक्सकॉम असेल तर जोडणीचा कोड हाताशी ठेवा, आणि शक्य असेल तर कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी विचारा. ॲपचा 'डेटा पुसा' हा पर्यायही याच जातीचा. 'कॅशे पुसा' त्यामानाने निरुपद्रवी.

९. नवा फोन घेतला. चालू सेन्सर त्याला जोडता येतो का?

लिब्रे ३ मध्ये त्याच खात्याने नव्या फोनवर लॉगिन करून सेन्सर स्कॅन करता येतो. डेक्सकॉम जी७ मध्ये लावणयंत्रावरचा (ज्याने सेन्सर कातडीवर बसवतात त्यावरचा) ४ अंकी कोड लागतो. जी६ मध्ये ट्रान्समीटरचा (सेन्सरवर बसणाऱ्या, आकडे धाडणाऱ्या वेगळ्या भागाचा) क्रमांक आणि सेन्सरचा कोड, असे दोन्ही. जुन्या फोनवरचं ॲप बंद करा किंवा त्याचं ब्लूटूथ घालवा. नाहीतर तो ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या सेन्सरला धरून ठेवतो आणि नवा फोन बिचारा शोधत राहतो.

दुसऱ्या कुठल्या मॉडेलची खात्री नसेल तर सेन्सर संपायच्या दिवशीच फोन बदला. आणि लावणयंत्र कचऱ्यात टाकण्याआधी त्यावरच्या कोडचा फोटो काढायची सवय लावून घ्या. त्या फोटोची गरज नेहमी रविवारीच पडते.

१०. रीडर किंवा रिसीव्हर (आकडे दाखवणारं कंपनीचं वेगळं उपकरण) आणि फोन दोन्ही एकाच वेळी चालतील का?

डेक्सकॉम एका वेळी एक फोन आणि कंपनीचा एक रिसीव्हर, असं दोघांशी बोलतो. दोन फोनशी नाही. लिब्रे ३ एकाच उपकरणाशी बांधला जातो. लिब्रे २ मध्ये अलार्म त्याच उपकरणावर वाजतात ज्याने सेन्सर सुरू केला. 'आकडा दिसतो पण अलार्म नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. त्यामुळे सुरुवात कशाने करायची हे पाकीट फोडण्याआधी ठरवा.

११. फोनच्या ब्लूटूथ यादीत सेन्सर दिसत नाही. तिथून जोडू का?

नको. हेडफोनसारखा सेटिंगमधून जोडायचा हा प्रकार नाही. जोडणी ॲपच्या आतूनच होते. यादीत तो न दिसणं किंवा 'कनेक्टेड नाही' असं दिसणंही चालतं, कारण सेन्सर बॅटरी वाचवायला ठरावीक वेळाने क्षणभर बोलतो आणि गप्प बसतो. ॲपने मधेच जोडणीची परवानगी मागितली तर मात्र लगेच 'हो' म्हणा. ती खिडकी चुकून नाकारली गेली की पुढे सगळं अडतं.

१२. फोन सेन्सरवर धरतो, पण स्कॅनच होत नाही.

हे ब्लूटूथ नाही. हे एनएफसी, आणि त्याची पोच जेमतेम बोटा-दोन बोटांची. आयफोनमध्ये वाचणारा भाग फोनच्या वरच्या कडेला असतो, त्यामुळे वरचं टोक सेन्सरवर टेकवा. अँड्रॉइडमध्ये तो पाठीवर असतो, मधोमध किंवा कॅमेऱ्याजवळ, फोनप्रमाणे वेगळा. हळूहळू सरकवत जागा शोधा आणि सापडली की स्थिर धरा. घाईने फिरवलं की वाचलं जात नाही. धातूचं कव्हर, चुंबकाची कडी, कव्हरमध्ये खोचलेलं बँकेचं कार्ड हे सगळं आधी काढा. कपड्यावरून स्कॅन होतं, पण जाड स्वेटर असेल तर अंतर वाढतं. अँड्रॉइडवर एनएफसी चालू आहे ना, हेही बघा.

१३. नवा सेन्सर लावला, पण सुरूच होत नाही.

आधी तो तयार होण्याचा वेळ आहे का ते पाहा. लिब्रेला ६० मिनिटं, डेक्सकॉम जी६ ला २ तास, जी७ ला सुमारे अर्धा तास लागतो. या वेळात आकडा नसणं बरोबरच आहे. फोन मात्र या काळात जवळ ठेवा.

जोडणीच सापडत नसेल तर ॲपमध्ये जुना सेन्सर अजून 'चालू' दिसतोय का, कोड चुकीच्या पाकिटावरचा टाकला का, हे तपासा. जी६ वाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी: ट्रान्समीटर खाचेत दोन्ही बाजूंनी 'टक्' असा बसला पाहिजे, आणि त्याची बॅटरी ३ महिन्यांची असते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सिग्नल वारंवार जाऊ लागला तर कारण शोधत बसू नका, ट्रान्समीटर बदला.

१४. आलेखात मधे रिकामी जागा राहिली. ती भरून येते का?

जोडणी परत आली की सेन्सर साठवलेले आकडे फोनकडे देतो. किती, ते मॉडेलवर आहे. जी६ मागचे ३ तास, जी७ २४ तास, लिब्रे २ स्कॅन केल्यावर ८ तास, आणि लिब्रे ३ थेट १४ दिवसांपर्यंत. आलेख थोड्या वेळाने भरतो, लगेच नाही. खंड भरलाच नाही तर तेव्हा सेन्सर मोजतच नव्हता, अशी शक्यता धरा. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की आकडे मागाहून येतात, हुकलेला अलार्म मागाहून वाजत नाही.

१५. पोहताना आणि अंघोळ करताना सिग्नल जातो. पाणी आत गेलं का?

नाही, पाणी मधे आलं. कारण प्रश्न ४ मधलंच. सेन्सर पाण्यात चालतो, पण मर्यादेत: लिब्रे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं, डेक्सकॉम जी६ आणि जी७ २.४ मीटरपर्यंत २४ तास. पाण्याबाहेर आलात की थोड्या वेळात आकडे सुरू होतात. तासभर झाला तरी नाहीत, तर चिकटपट्टीची कड उचकटली आहे का बघा. तंतू किंचित बाहेर सरकला असेल तर सेन्सर दाबून परत आत बसवायचा प्रयत्न करू नका.

१६. विमानात आणि एमआरआयच्या वेळी काय?

विमान मोड लावल्यावर ब्लूटूथ वेगळं चालू करा. एमआरआय, सीटी स्कॅन आणि एक्स-रे यांचे नियम मॉडेलप्रमाणे वेगळे आहेत, त्यामुळे वेळ घेतानाच सेन्सरबद्दल सांगा आणि त्या मॉडेलची पुस्तिका पाहा. काढावाच लागणार असेल तर तपासणीची तारीख सेन्सर संपण्याच्या दिवसाशी जुळवून घेता येते का, ते विचारा.

१७. आईच्या फोनवर आकडा येतोय, माझ्या फोनवर नाही. सेन्सरचा दोष आहे का?

नाही. ही शेवटची कडी, आणि ती इंटरनेटवर चालते. आईच्या फोनचं नेट बंद, तिचं किंवा तुमचं खातं लॉगआउट झालेलं, तिने चुकून शेअरिंग बंद केलेलं, किंवा तुमच्या फोनवरच्या ॲपला फोनने झोपवलेलं (प्रश्न ६, हा तुमच्या फोनलाही लागू). यातलं काहीही नसेल तर सर्व्हर बंद असू शकतो. २०१९च्या नोव्हेंबरअखेरीस डेक्सकॉमची दूरवर आकडे पाठवणारी सेवा काही दिवस कोलमडली. रुग्णांना स्वतःच्या उपकरणावर आकडे दिसत होते, पण मुलांच्या साखरेवर रात्री लक्ष ठेवणाऱ्या पालकांपर्यंत ते पोहोचले नाहीत. तुमच्या फोनवरची शांतता म्हणजे 'सगळं ठीक आहे' असा निरोप नव्हे. आकडा किती वेळापूर्वीचा आहे ते बघा, आणि जुना असेल तर फोन करा.

१८. घड्याळावरचा आकडा तासाभरापूर्वीचाच दिसतोय.

बहुतेक घड्याळं सेन्सरशी बोलत नाहीत, फोनकडून आकडा उसना घेतात. फोन घरी राहिला की घड्याळ आंधळं. डेक्सकॉम जी७ ठरावीक ॲपल वॉचशी थेट जोडता येतो, तो अपवाद, आणि तीही जोडणी आधी करून ठेवावी लागते. शंका आली तर फोनवरचा आकडा खरा माना.

१९. जोडणी नीट होती, आकडे येत होते, तरी रात्री अलार्म वाजला नाही.

मग फोनची सेटिंग तपासा: 'व्यत्यय नको' मोड, झोपेचा मोड, ॲपच्या सूचना बंद, आवाज शून्यावर, किंवा अलार्म उशीवर ठेवलेल्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये वाजला आणि कोणी ऐकलाच नाही. ही किरकोळ बाब नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२५ मध्ये खास याच विषयावर सावधगिरीची सूचना काढली: फोनच्या सेटिंगमुळे मधुमेहाच्या उपकरणांचे महत्त्वाचे इशारे हुकू शकतात. महिन्यातून किमान एकदा सेटिंग तपासायला त्यांनी सांगितलं. फोनला नवं हेडफोन किंवा गाडीचं ऑडिओ जोडलं की लगेचही तपासा.

२०. फोन अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवसापासून गडबड सुरू.

अपडेटनंतर परवानग्या आणि बॅटरीची सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात, म्हणून प्रश्न ६, ७ आणि १९ पुन्हा तपासा. पुढच्या वेळी फोनचं आपोआप अपडेट होणं बंद ठेवा आणि कंपनीच्या सुसंगत फोनच्या यादीत नवी आवृत्ती आली की मगच करा. ॲपचं अपडेट मात्र लांबवू नका.

२१. सिग्नल गेला की इन्सुलिन पंप ऑटो मोडमधून बाहेर पडतो. धोका आहे का?

ऑटो मोडमध्ये पंप सेन्सरच्या आकड्यावरून इन्सुलिन स्वतः कमी-जास्त करतो, त्यामुळे आकडा गेला की त्याने तसं करणंच अपेक्षित आहे. आकडा नसताना तो अंदाजाने डोस बदलत नाही, सहसा आधी ठरवलेल्या बेसलवर, म्हणजे दिवसभर थोडं थोडं सोडल्या जाणाऱ्या इन्सुलिनच्या दरावर, परततो. म्हणजे साखर घसरत असेल तर ती थांबवणारं कोणी नाही, हे तुम्ही लक्षात ठेवायचं. बोट टोचा. ते ठरलेलं बेसल डॉक्टरांबरोबर अधूनमधून तपासून घ्या. वर्षभर ऑटोवर राहिलेल्यांचं बेसल कधीकधी जुन्या वजनाचं असतं. आणि पंप व सेन्सर शरीराच्या एकाच बाजूला ठेवले तर असे खंड कमी पडतात.

२२. आकडा येतो, पण ग्लुकोमीटरशी जुळत नाही. हीसुद्धा जोडणीचीच अडचण का?

नाही. ब्लूटूथ आकडा पोहोचवतं किंवा अडवतं, चुकवत नाही. पेशींमधल्या द्रवातली साखर रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, जेवणानंतर किंवा व्यायामात हा फरक मोठा दिसतो. पहिल्या दिवशीचे आकडेही डळमळीत असू शकतात. दाबामुळे येणारा फरक प्रश्न ५ मध्ये.

२३. सेन्सर खरंच बिघडला असेल तर बदलून मागताना काय सांगायचं?

सेन्सर काढल्याबरोबर फेकू नका, कंपनी तो परत मागू शकते. पाकिटावरचा लॉट क्रमांक आणि अनुक्रमांक, लावल्याची तारीख, संदेशाचा स्क्रीनशॉट, फोनचं मॉडेल आणि प्रश्न २ मधलं काय काय करून पाहिलं, एवढं हाताशी असलं की फोनवरचं बोलणं पाच मिनिटांत आटपतं.

२४. घरात दोघांना एकाच कंपनीचे सेन्सर आहेत. आकडे एकमेकांत मिसळतील का?

हवेतून नाही. प्रत्येक ॲप आपल्याला बांधलेल्या सेन्सरचंच ऐकतं. गोंधळ माणसांकडून होतो: दोन पाकिटं एकदम फोडली आणि कोड अदलाबदल झाले, किंवा नवऱ्याच्या फोनने बायकोचा सेन्सर स्कॅन करून सुरू केला. मग तिचा आकडा त्याच्या फोनवर येतो, आणि तो पाहून त्याने इन्सुलिन घेतलं तर अनर्थ. एका वेळी एकच पाकीट उघडा, लावणयंत्रावर नाव लिहा, आणि दोघांनी वेगळ्या दिवशी सेन्सर बदला.